साखरेच्या अंड्यावरचं नाव

ईस्टरच्या आधीचे तीन आठवडे बेकरीच्या मागच्या खोलीत पंखा लावायला बंदी असते. आयसिंगला वारा लागला की ते कागदी कोनाच्या टोकाशीच सुकतं आणि नाव लिहिता लिहिता मध्येच अडतं. मग तो कोन फेकून द्या, नवा कागद गुंडाळा, नवं आयसिंग भरा. त्यापेक्षा उकडलेलं परवडलं. त्यामुळे तीन आठवडे त्या खोलीतल्या बायका घामाघूम होऊन बसतात आणि एकमेकींवर खेकसतात. खेकसण्यात पहिला मान नक्षीबाईंचा. त्या खोलीत एकोणचाळीस वर्षं काढल्यावर एवढा हक्क कुणालाही मिळावा.

नक्षीबाई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. साखरेच्या अंड्यांवर मुलांची नावं लिहायची, कडेने वेलबुट्टी काढायची, कुणाला पिवळी पिल्लं तर कुणाला निळी बदकं काढून द्यायची, हे काम त्यांच्याकडे. म्हणून भट्टीवरच्या कुणीतरी कधीतरी त्यांना नक्षीबाई म्हटलं आणि ते चिकटलं. आता पोस्टमनही तेच म्हणतो. बाईंची त्याला हरकत नाही. लग्न झालं नाही, घर झालं नाही, शिंप्याच्या दुकानावरची एक खोली आणि एक स्टोव्ह एवढा संसार. निदान नाव तरी कमावलं, असं त्या स्वतःच हसून म्हणतात.

ही अंडी कशी होतात ते थोडं सांगायला हवं, कारण खाणाऱ्यांना वाटतं ती साच्यातून तयारच पडतात. बारीक साखर अंड्याच्या पांढऱ्यात जेमतेम ओली करायची, साच्यात दाबून भरायची आणि साचा पालथा घालायचा. दोन तासांनी बाहेरचं कवच टणक होतं, आतलं अजून ओलं असतं. ते चमच्याने हळूच कोरून काढलं की उरते नुसती वाटी. अशा दोन वाट्या वाळवायच्या, आत मूठभर गोळ्या आणि टॉफ्या भरायच्या आणि आयसिंगने सांधा बुजवायचा. सांध्यावर नक्षी, पोटावर नाव. मग ते अंडं टोपलीत, कागदाच्या हिरव्या गवतावर. खरी मातब्बरी नावाची. बिननावाचं अंडं कुठेही मिळतं, पण या बेकरीच्या टोपलीत मुलाला स्वतःचं नाव सापडतं, आणि सहा वर्षांच्या मुलाला त्याहून मोठं दुसरं काय लागतं?

नावांसाठी एक लांबट वही असते. डावीकडे घर, उजवीकडे मुलं. नेहमीची घरं दोनशेच्या वर. मूल जन्मलं की नाव चढतं, ते बारा-तेराचं होऊन लाजायला लागलं की उतरतं. मधल्या वर्षांत कुणी काही सांगत नाही. फोन आलाच तर एवढाच, की गेल्या वर्षीसारखंच. म्हणून दर वर्षी गल्ल्यावरचे काका जुन्या वहीतली नावं नव्या वहीत उतरवायचे, कुणी बदल कळवला असला तर करायचे आणि वही मागे पाठवून द्यायचे. पुढे बाई लिहायच्या. मिनिटाला तीन नावं. वहीकडे एक नजर, अंड्याकडे एक नजर, की नाव झालं. हात आपोआप चालतो, डोक्याला त्रास नाही, असं त्या कौतुकाने सांगायच्या. हल्ली सांगत नाहीत.

हाताखालच्या दोघींना, म्हणजे सतत गाणारी एक आणि सतत कंटाळलेली दुसरी यांना, बाईंची एक गोष्ट तोंडपाठ आहे. सीझन सुरू झाला आणि पहिल्या टोपलीत गवत पडलं की बाई म्हणणार, "आमच्या बाबांची टोपली वेगळी होती." दोघी एकमेकींकडे बघतात. आली टोपली. पण ऐकून घेतात, कारण गोष्ट सांगताना बाई खेकसत नाहीत.

बाबा याच बेकरीत भट्टीवर होते. ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी मालक कामगारांना फुटका माल वाटायचे. सांधा निसटलेली अंडी, टवका उडालेल्या वाट्या, बरणीच्या तळाशी एकमेकींना चिकटून बसलेल्या लिंबाच्या गोळ्या. बाबांच्या वाट्याला यायचं ते रुमालात बांधून ते घरी आणायचे. घरात मुली दोन, नक्षीबाई आठ वर्षांच्या आणि धाकटी पाच वर्षांची, आणि धड अंडं एकही नाही. मग बाबा दोन वेगवेगळ्या अंड्यांच्या दोन वाट्या घेऊन एक अंडं जुळवायचे. एक बाजू गुलाबी, एक पिवळी. मापं जुळायची नाहीत म्हणून सांध्यावर आयसिंगचा हा जाड थर. टोपली म्हणजे फळवाल्याने फेकलेली करंडी, तिला तारेची कडी. गवत म्हणजे भट्टीतल्या ट्रेचा कागद, कात्रीने बारीक चिरून खाण्याच्या हिरव्या रंगात बुडवलेला. तो रंग हाताला लागायचा. आईचा कडक नियम होता की प्रार्थनेहून परत आल्याशिवाय टोपलीला हात लावायचा नाही. दोघी हिरवी बोटं मुठीत लपवून प्रार्थनेला बसायच्या आणि आपण मोठ्या चतुर आहोत असं समजायच्या. गोळ्यांचा गठ्ठा आई बत्त्याने फोडून द्यायची. त्यातला एखादा तुकडा गालात धरला की दुपारपर्यंत पुरायचा.

आणि त्या जुळवलेल्या अंड्यावर दोन्ही बाजूंना कुणाची तरी नावं असायची. दोन अनोळखी मुलांची, ज्यांची अंडी फुटली म्हणून पुन्हा करावी लागली होती. एक नाव मोठीने घ्यायचं, एक धाकटीने. दिवसभर एकमेकींना त्याच नावाने हाक मारायची. एका वर्षी धाकटीला एका मुलाचं नाव आलं तर तिने दिवसभर बाबांची टोपी काढली नाही. संध्याकाळी गरम सुरीने अंडं सांध्यावर कापायचं. कापणारीने निवडायचं नाही, दुसरीने आधी उचलायचं, हा बाबांचा कायदा. सुरी मोठीच्या हातात, म्हणजे पहिली निवड कायम धाकटीची.

गोष्ट इथे संपायची. बाईंना त्या अंड्यावर स्वतःचं नाव हवं होतं, फार हवं होतं, हे मात्र त्या सांगायच्या नाहीत. ते एकदाही मिळालं नाही. बाबांचे डोळे भट्टीच्या धगीने अधू झाले तेव्हा एकोणीस वर्षांच्या मुलीला मालकांनी कामाला घेतलं आणि तिने स्वतःहून मागून घेतलं ते नावं लिहिण्याचं काम. पहिल्या वर्षी तिने धाकटीच्या नावाचं अंडं लिहून घरी नेलं. धाकटी सोळा वर्षांची होती. तिने ते खाल्लं नाही, आरशापाशी ठेवलं.

धाकटीचं पुढे लग्न झालं. नवरा वीज कंपनीत मीटर वाचायला जायचा. साधा, कमी बोलणारा माणूस. बेकरीपासून चालत वीस मिनिटांवर त्यांचं घर. लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगा झाला. त्याचं घरातलं नाव टिल्लू. पहिलाच ईस्टर आला तेव्हा तो चार महिन्यांचा होता, त्याला दात नव्हते, पण मावशीने वही मागवून स्वतःच्या हाताने त्याचं नाव चढवलं. आपल्या घरातल्या मुलाला दुसऱ्याच्या नावाचं अंडं नको. त्यानंतर दर वर्षी बेकरीचा सायकलवाला ईस्टरच्या सकाळी टोपली पोहोचती करायचा. बोलायला लागल्यावर टिल्लूने कळवलं की त्याला निळं बदक हवं, आणि बदकाला डोळा हवा, नाहीतर त्याला दिसणार कसं. बाईंनी सहा अंडी लिहिली त्याची.

सातव्या ईस्टरच्या सात आठवडे आधी टिल्लू तापाने गेला. तीन दिवसांचा ताप. बाई नऊ दिवस बहिणीच्या घरी राहिल्या. तिला आंघोळ घातली, तिच्या तोंडात घास घातले, भांडी घासली, त्याचे कपडे धुवून घडी करून एका पेटीत ठेवले, कारण धाकटीला ते बघवत नव्हते आणि टाकवतही नव्हते. दहाव्या दिवशी धाकटीच म्हणाली, जा ताई, तुझा सीझन जवळ आलाय. बाई कामावर आल्या. तीनशे चाळीस नावं होती त्या वर्षी.

पुढचं ज्याला समजायचं त्याला समजलंच असेल. काकांनी जुन्या वहीतून नवी वही उतरवून काढली. घर मेहुण्यांच्या आडनावाने होतं, मुलाला काकांनी कधी पाहिलेलं नव्हतं. बाईंनी वहीकडे एक नजर टाकली, अंड्याकडे एक नजर टाकली. सायकलवाल्याने चिठ्ठीवरचा पत्ता वाचला आणि ईस्टरच्या सकाळी दार वाजवलं. दार धाकटीने उघडलं.

सोमवारी मेहुणे टोपली घेऊन बेकरीत आले. टोपली गल्ल्यावर ठेवली आणि निघून गेले. काकांनी ती मागे आणली. अंडं जसंच्या तसं होतं. बाईंच्याच हातचं नाव, बाईंच्याच हातची वेलबुट्टी आणि खाली निळं बदक. तशाच, ॲप्रनवर, बाई बहिणीच्या घराकडे धावत सुटल्या. दार उघडलं नाही. खिडकीतून मेहुणे म्हणाले, "आत्ता नको, ताई." ते 'आत्ता' अकरा वर्षं चाललं.

बाईंनी काय केलं नाही? पत्रं लिहिली, माणसं मध्ये घातली, धाकटी बाजारात ज्या वेळेला जायची त्या वेळेला कोपऱ्यावर उभ्या राहिल्या. धाकटी रस्ता बदलून गेली. वर्षभरात मेहुण्यांनी बदली मागून घेतली आणि दोघं तीन तासांवरच्या गावी राहायला गेले. नातेवाईक तर अशा वेळी टपून बसलेलेच असतात. एक आत्या सगळीकडे सांगत सुटली की स्वतःला मूल नाही ना, म्हणून दुसऱ्याचं दुःख उकरायला गेली. दुसरं कुणी म्हणालं, बिचारीने आठवण म्हणून पाठवलं असेल, पण अक्कल नको? हे सगळं फिरून फिरून बाईंच्या कानावर आलं आणि त्यांची पक्की खात्री झाली की धाकटीलाही हेच वाटत असणार, आपण हे जाणूनबुजून केलं. जिला घास भरवले तिला असं वाटावं, याने त्या आतून पोखरल्या गेल्या.

म्हणून त्यांनी पुरावा जमवला. वहीतलं ते पान मालकांना सांगून फाडून घेतलं. त्यावर काकांच्या अक्षरात सलग सोळा घरं, त्यात ते घर, त्यापुढे बाकी सगळ्या नावांसारखीच लिहून झाल्याची एक बारीक खूण. पानाच्या मागे काकांकडून लिहून घेतलं की, सदर नाव वगळायचं राहून गेलं, ही चूक माझी, बाईंना याची कल्पना नव्हती. खाली सही, तारीख. काका सही करताना रडले. ते पान बाईंनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवलं. पुढे काका वारले, तेव्हा तर तो कागद त्यांना जिवापलीकडे झाला. बेकरीने म्हणाल तर नियम केला की प्रत्येक नाव फोन करून विचारून घ्यायचं. नियम दोन वर्षं पाळला गेला. नंतर काकांच्या जागी त्यांचा मुलगा आला आणि पुन्हा गेल्या वर्षीसारखंच सुरू झालं.

यंदा, सीझनच्या ऐन दुसऱ्या आठवड्यात, बेकरीच्या फोनवर मेहुणे आले. आवाज म्हातारा झाला होता. म्हणाले, निवृत्त झालो, घर विकलं, आता भावाकडे जातोय कायमचं. ते गाव दोन दिवसांच्या प्रवासावर होतं. पुन्हा इकडे येणं व्हायचं नाही. तुम्हाला यायचं असेल तर गुरुवारी या, शनिवारी सामान निघतं.

"तिला सांगितलंय का?" बाईंनी विचारलं.

"सांगितलंय. नाही म्हणाली नाही."

नाही म्हणाली नाही. बाईंनी ते चार दिवस तोंडात घोळवलं. मालकांकडे रजा मागितली तेव्हा मालकांना आधी ती थट्टाच वाटली. ईस्टरच्या आधीचा गुरुवार? एकोणचाळीस वर्षांत बाईंनी सीझनमध्ये खोकल्यापायीसुद्धा सुट्टी घेतली नव्हती. मालक म्हणाले, शंभर नावं राहतील. बाई म्हणाल्या, राहू देत. हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकून गाणारीचं गाणंसुद्धा थांबलं.

बसमध्ये त्या मांडीवर पिशवी घट्ट धरून बसल्या. आदल्या दिवशी त्यांच्या मनात आलं होतं की बाबांसारखं दोन रंगांचं एक अंडं न्यावं. दोन वाट्या निवडूनही ठेवल्या होत्या. मग स्वतःलाच शिव्या घालून त्यांनी त्या परत ट्रेमध्ये ठेवल्या. त्या घरी पुन्हा अंडं न्यायचं म्हणजे जखमेवर मीठच. पिशवीत फक्त तो कागद होता, आणि बिस्किटांचा एक पुडा, रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून.

घरभर खोकी होती. भिंतींवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन उरले होते. धाकटी जमिनीवर बसून काचेची भांडी कागदात गुंडाळत होती. केस पांढरे, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "आलीस? बस. त्या खोक्यावर नको, त्यात कप आहेत." बाई ज्याला अकरा वर्षं घाबरत होत्या ते हे नव्हतं. रडारड नाही, शिव्याशाप नाही. मेहुण्यांनी चहा केला आणि काहीतरी आणायला म्हणून बाहेर पडले.

आधी गुडघ्यांचं बोलून झालं. दोघींचेही गेले होते. मग डोळ्यांचं, मग नव्या गावातल्या पाण्याचं. बाईही जमिनीवर बसून कप गुंडाळायला लागल्या, हाताला काम असलं की बरं असतं. खोक्यात भरायला धाकटी रद्दीच्या पट्ट्या चिरत होती. चिरता चिरता ती एकदम हसली.

"परवा हे कापताना बाबांची टोपली आठवली," ती म्हणाली. "ते हिरवं गवत."

बाई म्हणाल्या, बोटं लपवून बसायचो. धाकटी म्हणाली, आईला सगळं कळायचं, प्रार्थनेच्या आधी ती मुद्दाम आपल्याला हात जोडायला सांगायची. मग दोघींनी मिळून बोलता बोलता ती टोपली पुन्हा भरली. लिंबाच्या गोळ्या, बत्ता, तारेची कडी, बाबांची टोपी. ज्या नावापायी टोपी काढली नव्हती ते नाव धाकटीला अजून आठवत होतं. बाईंना नव्हतं.

"आणि तू वाकडं कापायचीस," धाकटी म्हणाली.

"नाही गं. सुरी घसरायची."

"मुद्दाम वाकडं कापायचीस. मोठा भाग माझ्याकडे यावा म्हणून. मला तेव्हाही कळायचं."

बाई खूप वर्षांनी इतक्या हसल्या. हसता हसता डोळे पुसले. आता खरं तर चहा संपवायचा, बहिणीच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि उठायचं. कुणाही शहाण्या माणसाने तेच केलं असतं. पण अकरा वर्षं ज्या क्षणासाठी कागद जपला तो क्षण समोर आहे असं बाईंना वाटलं, आणि हात पिशवीत गेला.

"छोटी, हे एवढं वाच," त्या म्हणाल्या. "मी मुद्दाम केलं नव्हतं. काकांची सही आहे बघ मागे."

धाकटीने चष्मा लावला. पान पुढून वाचलं, सोळाच्या सोळा घरं वाचली. उलटून मागून वाचलं. मग मांडीवर ठेवून हाताने सरळ केलं.

"हे मला माहीत होतं, ताई," ती म्हणाली.

बाईंना कळेना.

"तू मुद्दाम केलंस असं मला एक दिवसही वाटलं नाही. आत्या बोलायला लागली तेव्हा मीच तिला दाराबाहेर काढलं. तू असं करणार नाहीस, हे मला माहीत नसेल तर कुणाला?"

"मग?" बाई म्हणाल्या. "मग अकरा वर्षं?"

धाकटीने पुन्हा एक कप उचलला, पण गुंडाळला नाही. ती रागाने बोलत नव्हती. किराणा कुठे मिळतो ते सांगावं तशी बोलत होती.

"मुद्दाम केलं असतंस ना, तर मी केव्हाच विसरले असते. रागाने का होईना, त्याचा विचार करून लिहिलं असतंस. सात आठवडे झाले होते, ताई. मला त्याचं नाव तोंडातून काढता येत नव्हतं. ह्यांच्यासमोरसुद्धा नाही. आणि तू ते लिहिलंस. खाली बदक काढलंस. बदकाला डोळा काढलास. आणि तुला कळलंसुद्धा नाही. तूच त्याचे कपडे घडी करून ठेवले होतेस."

तिने तो कप तसाच खाली ठेवला. मग धाकटीने विचारलं, "लिहिताना काय वाटलं होतं तुला? काही तरी वाटलं असेल. आठवतं?"

बाईंनी अकरा वर्षं ते आठवायचा प्रयत्न केला होता. त्या दिवशी जेवायला काय होतं ते आठवत होतं. गाणारी कुठलं गाणं म्हणत होती ते आठवत होतं. निळा रंग संपत आला होता आणि तो पाणी घालून पुरवला होता, हेही आठवत होतं. ते नाव लिहिलेलं आठवत नव्हतं. खोटं बोलणं सोपं होतं. रडू आलं होतं, हात थरथरला होता, असं काहीही म्हणता आलं असतं, आणि धाकटी कदाचित तेवढ्याचीच वाट बघत होती. पण बाई तिच्याशी आयुष्यात कधी खोटं बोलल्या नव्हत्या.

"नाही आठवत," त्या म्हणाल्या.

"तेच," धाकटी म्हणाली.

तिने पान पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत नीट घातलं आणि बाईंना परत दिलं. दाराशी आल्यावर सव्वातीनची बस थांब्यावरून नाही, पुढच्या चौकातून सुटते, असं सांगितलं. जपून जा म्हणाली. पत्ता दिला नाही आणि बाईंनी मागितला नाही. चौकात मेहुणे एका दुकानाच्या पायरीवर बसले होते. ते उठले, बाईंचा चेहरा पाहिला आणि पुन्हा बसले.

शुक्रवारी, गुड फ्रायडेला, बेकरी बंद असते. शनिवारी सकाळी बाई सहा वाजता कामावर आल्या. शंभरातली ऐंशी नावं राहिली होती, हाताखालच्या दोघींनी जमेल तेवढी वेडीवाकडी ओढून वीस उरकली होती. बाईंनी कोन भरला, वही पुढे ओढली आणि पहिल्या नावावर बोट ठेवून काकांच्या मुलाला हाक मारली. हे मूल कोण? तो चक्रावला. मग म्हणाला, चाव्या बनवणाऱ्याची मुलगी, समोरचे दात पडलेत. बाईंनी दात पडलेली मुलगी डोळ्यांसमोर आणली, नाव लिहिलं. दुसरं कोण? जुळ्यांपैकी एक, कानाने कमी ऐकणारा. तोही डोळ्यांसमोर आणला, लिहिला. असं त्यांनी एकेक मूल विचारून, आठवून, जिवंत आहे ना याची खात्री करून लिहायचं ठरवलं होतं. कंटाळलेली म्हणाली, बाई, अशाने संध्याकाळ होईल. होऊ दे, म्हणाल्या.

नऊ नावं तशी झाली. मग पुढे दुकानात गिऱ्हाइकं आली आणि काकांचा मुलगा गल्ल्यावर गेला. दहाव्या नावावर बाई त्याची वाट बघत थांबल्या. हातात कोन होता, आणि टोकाशी आयसिंग सुकत चाललं होतं म्हणून त्यांनी एवढं एक लिहून घेतलं. गाणारीने गाणं सुरू केलं. बाहेर कुणीतरी टोपल्या उतरवत होतं.

बाईंनी वर पाहिलं तेव्हा नावं लिहिलेल्या अंड्यांनी ट्रे भरला होता.